भूवेष्टित फुलंब्री

“भूवेष्टित म्हणजे चहूबाजूंनी जमीन. समुद्राकडं वाटच नाही,” पन्नास वर्षांपूर्वी तात्यासाहेब गुरुजी म्हणाले होते. काळ्या मातीत ओल मुरावी तसा तो आवाज बद्रीनाथच्या मनात मुरला. पुढं तो स्वतःच मास्तर झाला आणि तीस वर्षं फुलंब्रीच्या पोरांना भूगोल शिकवून निवृत्त झाला.

आता त्याच बद्रीनाथ मास्तरांची लेक श्रेया नौदलात निवडली गेली. सोमवारी प्रशिक्षणासाठी केरळला निघायचं होतं.

“अण्णा, सोडायला चला ना,” ती रोज विनवायची.

“गुडघे दुखतात,” एवढंच उत्तर.

चौकातल्या फ्लेक्सचा मजकूर मात्र त्यांनी हौसेनं लिहून दिला: ‘भूवेष्टित फुलंब्रीची लेक निघाली दर्यावर.’

फ्लेक्सवाल्या कडुबानं तो दोनदा वाचला. “शब्द लई वजनदार हाय, मास्तर.”

अर्थ विचारायची त्याला लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी त्यानं छापलेला नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बोर्ड झळकला: ‘भूवेष्टित नेतृत्व राजेंद्रभाऊ’. ते पाहून विरोधकांनी ‘महाभूवेष्टित’ छापून घेतलं. मग सलूनवाला, बँडवाला, कुणीच मागं राहिलं नाही. मास्तर चौकातून खाली मान घालून जाऊ लागले.

रविवारी श्रेयाचा सत्कार झाला. राजेंद्रभाऊ रंगात आले. “बापजाद्यांनी हे गाव भूवेष्टित ठेवलं. आपण बी मरेस्तोवर ठेवू.”

टाळ्या पडल्या. श्रेयानं शालीत तोंड लपवलं.

“मास्तर, पब्लिकला जरा इस्कटून सांगा,” म्हणत भाऊंनी माइक त्यांच्या हाती दिला.

मास्तरांच्या जिभेला चुकीचा अर्थ सांगायची सवय नव्हती. “ज्याला समुद्राकडं वाट नाही, ते,” ते हळूच म्हणाले.

कडुबा खांबाआड सरकला. भाऊंनी बोर्डावरच्या आपल्या फोटोकडं पाहिलं, मग श्रेयाकडं.

“मंग खोटं काय त्यात? वाट नव्हतीच. या पोरीनं पाडली. एक बी बोर्ड उतरवायचा नाय.”

आता मांडव दणाणला. टाळ्या ओसरल्या तशी श्रेया वडिलांकडं झुकली. “अण्णा, खरं सांगा. गुडघे नाय ना दुखत?”

माइक अजून मास्तरांच्या हातातच होता.

“नाय दुखत, बाई,” आवाज पार चौकापर्यंत गेला. “तीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली, पण समुद्र म्या एकदा बी पाहिला नाय. तिथं तुझ्या साहेबांसमोर लेकरासारखा पाण्याकडं पळत सुटीन, अन् तुझी मान खाली जाईल, म्हणून भ्यालो.”