वांदरीण का कोळीण?

नसीमा आपांच्या घरी चहा फुकट मिळत नाही. आधी प्रश्न येतो, "सांग, आई म्हणून भारी कोण? वांदरीण का कोळीण?"

मीटर वाचायला आलेला माणूसही यातून सुटला नाही. कोळीण म्हणजे मासे विकणारी, असं तो समजला. मग आपांनी त्याला अंगणात उकिडवं बसवून लांडगा कोळ्याची मादी दाखवली. ही बया अंड्यांची पिशवी पोटाच्या मागच्या टोकाला चिकटवून हिंडते, आणि पिल्लं निघाली की सगळी पाठीवर घेते. एकटी, कोणाची मदत नाही. आपांचं मत कायम तिलाच. आयुष्यभर अमरावतीत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वर्ग राहिला नाही, म्हणून गल्लीलाच वर्ग केलं. वडाळीच्या जंगलातून वानरांची टोळी आली की आपांचा पारा चढे. "पोरगं दुसरीच्या हाती देते अन् सोता पेरू खाते. कामचोर."

मी त्याच गल्लीत राहते. मला मुलगी झाली तेव्हा आई मदतीला आली होती. पण अकोल्याला बाबा जिन्यावरून पडले आणि तिला परत जावं लागलं. नवरा नांदगाव पेठेच्या कापड मिलमध्ये, जास्तीच्या पाळीवर. पोरगी रडायची थांबेना आणि मला बसल्या जागी डुलक्या येत. कोणी विचारलं की मात्र मी सांगायची, सगळं ठीक आहे.

एका दुपारी आपा दारात आल्या. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "मी एकटीच करून राहिली, आपा. कोळिणीसारखी."

शाबासकी मिळाली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग समोरच्या घराच्या टिनाच्या छपरावर बोट दाखवलं. तिथे एक वांदरीण सावलीत पसरली होती आणि तिचं काळं पिल्लू दुसरीच्या कुशीत होतं.

"वांदरीण येडी नाही बाप्पा," आपा म्हणाल्या. "दे इकडे. झोप तू."

दोन्ही हात त्यांनी तबक धरल्यासारखे ताठ पुढे केले. मीच त्यांचा हात बाळाच्या मानेखाली नीट ठेवून दिला.

"कधी घेतलं नाही का, आपा?"

"बिनालेकराच्या बाईले कोण देते?" त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या.

मी आडवी झाले. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. आपा त्याच जागी, तशाच ताठ बसलेल्या, हाताला मुंग्या आलेल्या. पोरगी त्यांच्या ओढणीचं टोक मुठीत धरून गाढ झोपली होती.

मला उठलेली पाहून आपांचा चेहरा उतरला.

"काहून उठली एवढ्यात?" त्या हळूच म्हणाल्या. "झोप नं अजून."