टेकडीकडे पळा

एका जंगलात सरकारी टीव्ही होता. हसायचं नाही. जंगलात सिंह चालतो, मग टीव्ही का चालू नये? दोघंही दिवसभर पडून असतात, आणि दोघांचाही खर्च बाकीच्यांनीच करायचा असतो.

त्या जंगलात एका मोहाच्या झाडावर भिवबा नावाचं वानर राहायचं. त्याला काम एकच. उंच फांदीवर बसायचं आणि बिबट्या दिसला की ओरडायचं. खॅक! खॅक! ते ऐकलं की खाली चरणारी चितळं ओढ्याकडे धूम ठोकायची. ओढ्यापलीकडे करवंदीची दाट जाळी होती. एकदा जाळीत शिरलं की बिबट्याच्या बापालाही सापडत नसे.

कळपात गोदी नावाची एक हरणी होती. तिचं पाडस, ठिपक्या, मागच्या एका पायानं अधू. पळताना सगळ्यात मागं राहायचं. हाक जरा उशिरा आली तर पहिला घास त्याचाच.

"भिवबा, माझं लेकरू तुझ्या हाकेवर जगतंय रे," गोदी म्हणायची.

"वहिनी, मी झोपलो तरी माझा एक डोळा उघडा असतो," भिवबा म्हणायचा. आणि ते खरं होतं. कैक वर्षांत कळपातलं कुणी गेलं नव्हतं.

आता कुठं एखादं काम असं नीट चाललेलं दिसलं, की त्याचं कौतुक करून वाटोळं केल्याशिवाय मोठ्या लोकांना चैन पडत नाही. एक दिवस टीव्हीवाले आले.

पुढं होत्या साळुंकीबाई. कार्यक्रम त्याच करायच्या, आणि त्यात बोलायच्याही त्याच. कॅमेरा घुबडाकडे. घुबडाला दिवसा दिसत नाही हे मला ठाऊक आहे, मला शिकवू नका. नोकरी सरकारी होती, दिसण्याची अट नव्हती. आवाजाचं काम सशाकडे, कारण कान मोठे. आत काय शिरतं ते कुणी तपासलं नव्हतं.

"आमचा कार्यक्रम आहे 'रानाची रत्नं'," बाई म्हणाल्या. "या खेपेला तुम्ही रत्न."

भिवबानं शेपूट झटकून साफ केलं. रत्न म्हटल्यावर तुम्हीही नाक पुसलं असतं.

कळपाचे पुढारी भाऊसाहेब लगबगीनं आले. मोठ्या शिंगांचं नर चितळ. शिंगं एवढी, की डोक्याला दुसरं काम उरलं नव्हतं. "या, या बाई! कळप तुमचाच समजा. फक्त पळताना मी पुढं असलो पाहिजे. लोकांना कळलं पाहिजे नेतृत्व कुणाचं आहे."

"पण बिबट्या कधी येईल ते आम्हाला काय ठाऊक?" भिवबानं विचारलं.

"बिबट्याशी काय संबंध?" बाईंनी कागद उघडला. "बिबट्या संहितेत नाही. संहिता वरून मंजूर झाली आहे. घरोघरी लेकरं कार्यक्रम बघतात, हिंस्र काही चालत नाही. तुम्ही नुसते ओरडा."

उगाच भिवबा जन्मात ओरडला नव्हता. पण खाली सगळी बघत होती, आणि तो रत्न होता. तो ओरडला. खॅक! खॅक!

कळप जीव घेऊन ओढ्याकडे पळाला.

"थांबा! थांबा!" घुबड किंचाळलं. "ओढ्याचं पाणी चमकतंय. माझे डोळे फुटले. तिकडं नको. टेकडीकडे पळा."

गोदी म्हणाली, "अहो, टेकडीवर तर बिबट्या राहतो."

"आज शूटिंग आहे हो!" बाई म्हणाल्या.

"ते त्याला माहीत आहे का?"

"गोदे!" भाऊसाहेब खेकसले. "पाहुण्यांपुढं लाज आणू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा कळपाचं नाव होतंय, आणि हिला टेकडी दिसतेय."

मग ते सुरू झालं. भिवबा ओरडला, कळप टेकडीकडे पळाला. ससा म्हणाला, मधेच कुणीतरी खोकलं. परत. भिवबा ओरडला, कळप पळाला. बाई म्हणाल्या, चेहऱ्यावर भीती नाही. परत. तेव्हा भिवबानं कपाळावर हात ठेवून, मान वळवून अशी काही हाक मारली की ससा खूश झाला. "वा! हिच्यात काळीज आहे," म्हणाला.

"आणखी एक घेऊन ठेवू," घुबड म्हणालं. "माझ्याकडून कॅमेरा बहुतेक बंद होता."

एव्हाना कळपाला पाठ झालं होतं. हाक आली की आधी अंग चाटून घ्यायचं, मग भाऊसाहेबांच्या मागून टेकडीकडे हसत पळायचं. एकटा ठिपक्या तेवढा शिकेना. हाक आली की तो आपला लंगडत ओढ्याकडे. दर वेळी. दर वेळी गोदी मागं धावून त्याला परत आणायची.

"त्या लंगड्यामुळे माझं सगळं दृश्य नासतंय," बाई ओरडल्या. "समजत नाही का त्याला?"

"लहान आहे हो," गोदी म्हणाली. "त्याला अजून हाक म्हणजे हाकच वाटते."

"आता परत चुकला तर तुम्हा दोघांना कळपाबाहेर काढीन," भाऊसाहेब म्हणाले.

टेकडीवर बिबट्या सकाळपासून हे बघत होता. जेवण आपल्या पायानं दारापर्यंत येतंय, दारावरून परत जातंय, पुन्हा येतंय. असलं त्यानं वाडवडिलांकडूनही ऐकलं नव्हतं. शेवटी तो उठला, आणि पायथ्याच्या गवतात येऊन बसला.

भिवबाला गवत हलताना दिसलं. मग शेपटीचं टोक दिसलं. तो ओरडला. ना कपाळावर हात, ना मान वळवणं. घसा फाडून ओरडला. "बिबट्या! खॅक! अरे, खरंच बिबट्या! ओढ्याकडे पळा! गोदे, पोराला घे!"

ससा तोंड वाकडं करून म्हणाला, "आवाज फाटला. मघाची जास्त खरी होती."

"आणि वाक्यं घुसडू नका," बाई म्हणाल्या. "बिबट्या संहितेत नाही."

"काय नटतोय बघा भिवबा!" भाऊसाहेब खुशीत म्हणाले. शिंगं वर करून, मान कॅमेऱ्याकडे ठेवून ते सगळ्यात पुढं टेकडीकडे निघाले.

ठिपक्या ओढ्याकडे निघाला. लंगडत, धडपडत. "आता मेले, कळपातून काढणार," असं म्हणत गोदी त्याला आणायला मागं धावली. ती जाळीपाशी पोचेपर्यंत पोर आत शिरलं होतं. तीही आत शिरली.

बिबट्याला उडीसुद्धा मारावी लागली नाही. भाऊसाहेब कॅमेऱ्याकडे बघत सरळ त्याच्या तोंडापर्यंत गेले. बाकीची उधळली, म्हणून वाचली. नेतृत्व तेवढं तिथंच राहिलं.

त्या दिवशी तिथं दोघांची जेवणं झाली. एक बिबट्याचं, आणि एक टीव्हीवाल्यांचं, जरा लांब बसून.

कार्यक्रम लागला. सगळं जंगल बघायला जमलं. बाई पुष्कळ बोलल्या. भिवबा कपाळावर हात ठेवून ओरडला, ती काळीजवाली हाक. फाटलेली वगळली होती. भाऊसाहेब ऐटीत पळाले, आणि टेकडीच्या अलीकडेच संपले. शेवटी त्यांच्या सहकार्याबद्दल आभार आले. खाली गाणं वाजत होतं.

"आमचा ठिपक्या कुठं दिसला नाही ते?" गोदीनं विचारलं.

"चुकीच्या दिशेनं पळाला ना," बाई म्हणाल्या. "कापावा लागला."

गोदीनं पोराची मान चाटली. "तिथंच कापलात ते बरं केलंत," म्हणाली.

भिवबाला शाल मिळाली. दुसऱ्या दिवशी शाल फांदीला अडकवून तो बसला होता, तेवढ्यात टेकडीवरून बिबट्या उतरताना दिसला. भिवबा ओरडला. खाली चितळांनी माना वर केल्या. अंगं चाटली. इकडंतिकडं बघितलं.

"कॅमेरा कुठाय?" एकानं विचारलं.

भिवबा वरून घसा फोडत होता. ठिपक्या केव्हाच जाळीत जाऊन बसला होता.

तात्पर्य: बिबट्या आला, तर आधी कॅमेरा कुठं आहे ते बघावं आणि सांगतील तिकडंच पळावं. तुमचे आभार मानले जातील. ज्याला नुसतं जगायचं आहे, त्यानं खुशाल ओढ्याकडे पळावं. पण मग टीव्हीवर दिसलो नाही म्हणून माझ्याकडं रडत यायचं नाही.