वरीलप्रमाणे

शिंपीमास्तरांचा हात कापडावर जितका सफाईदार, तितकाच कागदावर आळशी. मापांच्या वहीत पहिल्या गिऱ्हाइकाचं सगळं नीट लिहायचं आणि मागोमाग त्याचा भाऊ आला, की खाली ठोकून द्यायचं, 'वरीलप्रमाणे'. भावाचं पोट सुटलेलं असलं, तर तो त्याचा दोष. घर बदलल्यावर मतदार यादीसाठी दोन अर्ज भरायची वेळ आली, तेव्हाही मास्तरांनी स्वतःचा चोख भरला आणि बायकोच्या अर्जावर वरपासून खालपर्यंत तोच एक शब्द लिहून मोकळे झाले.

बायको यंदा वॉर्डातून निवडणुकीला उभी राहणार होती. तुंबलेल्या गटारापायी चार वर्षं हेलपाटे घातले होते बिचारीने. शिवाय दुसरं कुणी उभंच नव्हतं. अर्ज भरला, की बिनविरोध! म्हणून शेवटच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, दोघं खुशीत कचेरीत गेली. बायकोने यादी उघडली मात्र, आणि ती किंचाळलीच.

"अहो, हे काय? नाव, वरीलप्रमाणे. वय, वरीलप्रमाणे. पतीचे नाव, वरीलप्रमाणे!"

"वर मीच आहे ना," मास्तर पुटपुटले.

"तुम्ही पान बारावर," कारकून म्हणाला. "या पान चाळीसवर. घर नंबरच नाही, तर यंत्राने जागा दिसली तिथे बसवलं. यांच्या वर मागच्या गल्लीतल्या आजी आहेत. वय एक्क्याऐंशी."

"म्हणजे मी एक्क्याऐंशीची?"

"आणि पती म्हणजे त्यांचे दिवंगत हेडमास्तर."

"अहो, हिचा नवरा मी आहे!" मास्तर ओरडले.

"कागदावर नाही," कारकून शांतपणे म्हणाला. "या बाई आमच्या घरातल्या नाहीत, असं आजींनी लिहून दिलं तर लगेच दुरुस्त करतो. पाचला खिडकी बंद."

दोघं धावत सुटली. आजी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी भिंग लावून यादीची प्रत वाचली, पुन्हा वाचली आणि भिंग खाली ठेवलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"आजी, मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही हो!" बायको रडकुंडीला आली.

"सगळ्या असंच म्हणायच्या."

"आजी, चूक माझी आहे," मास्तर मध्ये पडले.

"तू कोण?"

"हिचा नवरा."

"अरेरे," आजी मनापासून हळहळल्या.

समजूत घालता घालता अर्धा तास गेला. मग आजी म्हणाल्या, "सही करीन, पण तिथे येऊन. घरबसल्या सही करायला मी काही खुळी नाही." दोघांनी त्यांना दोन बाजूंनी धरून, पावलापावलाला थांबत कचेरीत आणलं. साडेचार झाले होते. आजींनी सही केली, कारकुनाने दुरुस्ती केली, बायकोचा अर्ज दाखल झाला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

आजी मात्र खिडकीशीच उभ्या. "हिने कसला रे अर्ज भरला?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"निवडणुकीचा, आजी. वॉर्डातून उभ्या राहतायत."

"त्याला काय लागतं?"

"यादीत नाव बरोबर लागतं."

"माझं तर पहिल्यापासून बरोबर आहे," आजी म्हणाल्या. "माझ्याही दारात गटार तुंबतं. आण एक कोरा अर्ज."

मास्तरांना घाम फुटला. अर्धा वॉर्ड हेडमास्तरांच्या छड्या खाऊन मोठा झाला होता आणि अजूनही आजी दिसल्या, की रस्त्यात ताठ उभा राहायचा. त्यात आजींचा हात थरथरत होता. त्यांनी पेन मास्तरांच्याच हातात दिलं.

"लिही बाबा. आणि आळस करू नकोस."

काय बिशाद होती! जीभ बाहेर काढून मास्तरांनी रकाना न रकाना भरला. खाडाखोड नाही, काही गाळलेलं नाही. पाचला दोन मिनिटं कमी असताना कारकुनाने शिक्का मारला.

"वा, मास्तर! असा बिनचूक अर्ज आज एकही आला नाही."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं.

"आयुष्यात दुसऱ्याचा एक अर्ज धड भरलात," ती म्हणाली, "आणि तो माझ्याविरुद्ध!"