बोरस्त्यांच्या सोफ्यावरचा हीट पंप

निफाडला पारा चारावर उतरला, त्या सकाळी बोरस्त्यांच्या भिंतीबाहेरचा हीट पंप दारावरची बेल वाजवून घरात आला आणि सोफ्यावर बसला.

उत्तमराव बोरस्ते तेव्हा दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ते बघत राहिले. बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या, ऋतुजाच्या खोलीत शेगडीचा धूर नको, म्हणून त्यांनीच हौसेने हा पंप बसवला होता. बाहेरच्या हवेतली ऊब ओढायची आणि घरात सोडायची, एवढंच त्याचं काम. आता तो घरात बसून तेच काम करू लागला. घरातली ऊब अंगणात निघाली आणि न्याहारी होईतो बाटलीतलं खोबरेल तेल दगड झालं.

नेमक्या आजच विहीणबाई येणार होत्या. घर उबदार नसेल तर लेकराला ठाण्याला घेऊन जाऊ, असं त्यांनी फोनवर साफ सांगितलं होतं. आणि नातीच्या मुठीत बोट दिल्याशिवाय हल्ली उत्तमरावांना चहा गोड लागत नव्हता.

सुदाम मेकॅनिक आला. त्याने पंपाला कान लावून बघितला.

"काका, बिघाड काहीच नाही. मशीन जिथं असंल तिथली ऊब काढून पलीकडं टाकतं. जागा बदलली, काम तेच."

"मग पाठव की त्याला बाहेर."

"आत या म्हणून कुणी म्हटलं होतं का?"

उत्तमरावांच्या पत्नी, मंदाबाई, पदराशी चाळा करू लागल्या. "सकाळी सडा टाकताना बघितलं, अंगावर बर्फ धरला होता त्यांच्या. म्हटलं, आत या, बाहेर लई गारठा आहे."

"मग अवघड आहे," सुदामने पाना पिशवीत टाकला. "बोलावलेल्याला जा कसं म्हणायचं?"

उत्तमरावांनी सोफ्याकडे बघून दोनदा तोंड उघडलं. दोन्हीदा "बसा" एवढंच निघालं. शेवटी त्यांनी पंपासोबत आलेल्या पूरक हीटरचं बटण दाबलं. नुसता लाल दिवा लागला.

"थोरलं यंत्र बैठकीत असताना धाकटं पेटत नसतं, काका."

हेही उत्तमरावांना कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

मग घरच अंगणात आणलं. पलंग आला, पाळणा आला, पाट आला. अंगणात चैत्रासारखं ऊन ऊन वाटत होतं. मंदाबाई पाय पसरून नातीला न्हाऊ घालत होत्या, तोच विहीणबाई फाटकात उतरल्या. "आत या" हे उत्तमरावांच्या अगदी ओठावर आलं. ते त्यांनी गिळलं.

"बाहेर बसा," ते म्हणाले. बोरस्त्यांच्या दारात असं कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विहीणबाईंनी शाल काढली, मग स्वेटर काढला. नातीचे तळवे चाचपले.

"गरम आहेत," त्या म्हणाल्या. "अशीच ऊब राहणार असेल, तर राहू दे इथंच."

दिवस कलला तसं अंगण निवायला लागलं. ऋतुजाने बाळावर दुपटं ओढलं. बाळ कुरकुरू लागलं, आणि विहीणबाईंनी स्वेटर परत अंगात घातला. उत्तमरावांनी घाईघाईने सुदामला फोन लावला.

"घरातली ऊब संपली असंल," तो म्हणाला. "पंपाला कुठून तरी घ्यावीच लागती. त्याच्याजवळ कुणी तरी बसा. अंगात ऊब असलेलं कुणी पण चालंल."

आता यजमान कोण, पाहुणा कोण आणि घर कुठल्या बाजूला, याचा उत्तमरावांना काही पत्ता लागत नव्हता. त्यांनी कानटोपी घातली, आत गेले आणि दार ओढून घेतलं.

"एकटे कंटाळला असाल," ते पंपाला म्हणाले आणि सोफ्यावर बसले.

थोड्या वेळाने त्यांची बोटं गार पडली, मग गुडघे. बाहेरची कुरकुर थांबली होती.

"निजली वाटतं," ते म्हणाले, आणि पंपाला आणखी थोडं खेटून बसले.