खोबऱ्यावरून बोकडाचा अंदाज

उदगीरला आमच्या गल्लीत मल्लिकार्जुनअप्पा नावाचे गृहस्थ राहतात. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सोमवार एकदम कडक. जन्मात त्यांनी मटण सोडाच, अंडं घातलेला केकसुद्धा चाखलेला नाही. लग्नात शेजारच्या मांडवातून रश्श्याचा वास आला तर भरल्या ताटावरून उठणारा हा माणूस. आणि तरीही रविवारी किती बोकडं कापायची, हे आमच्या भागातले खाटीक यांनाच विचारून ठरवतात.

मी मूळचा मुखेडचा. इथल्या ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मागणीची एक रेघ, पुरवठ्याची एक रेघ, दोन्ही एकमेकींना छेदल्या की माझा तास संपतो. अप्पांना या रेघांचं फार हसू येतं.

"सर, तुमच्या फळ्यावर भाव वाढला की मागणी उतरती. आखाडात भाव वाढतो आन् रांग पण वाढती. आता कोन नापास, तुम्ही का गाव?"

मी खडूचा हात झटकतो आणि विषय बदलतो.

अप्पांचं किराणा-मसाल्याचं दुकान आहे, गल्लीच्या तोंडाशी. त्यांचं सगळं शास्त्र तिथल्या खोबऱ्याच्या वाट्यांतून निघतं. गिऱ्हाईक काय मागतं यावरून कुणाच्या चुलीवर काय चढणार, हे त्यांना पुडी बांधता बांधता कळतं. नुसतं खोबरं मागितलं, तर वांगी. खोबऱ्यासंगं खसखस मागितली, तर 'तिकडचं'. अप्पा मटण हा शब्द तोंडातून काढत नाहीत, 'तिकडचं' म्हणतात. वर लवंग-दालचिनी वाढवून मागितली तर जावई आलाय. आणि बाईनं सगळं घेतलं, पण भाव न विचारता घेतलं, तर नवऱ्याचा पगार झालाय.

खोबऱ्याच्या जोडीला कॅलेंडर. त्यावर सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी यांवर त्यांनी काट मारलेली असते. "खायाला वारच किती उरतेत सांगा. म्हनून तर रविवारी येवढी गर्दी होती." शिवाय गल्लीत कुणाच्या लेकराचं जावळ काढायचं राहिलंय यावर बारीक लक्ष. आमच्याकडं जावळ म्हटलं की दर्ग्याला नवस आणि नवसाची कंदुरी, म्हणजे एक बोकड आणि शंभर पाहुणे. लांब केसांचं पोर दिसलं की अप्पा त्याच्या आईला प्रेमानं विचारतात, "कधी काढायचं?" बायांना वाटतं, म्हातारा किती मायाळू! म्हातारा मनात बोकडं मोजत असतो.

बदलत्या काळावरही त्यांची मतं ठाम आहेत. "पहिलं बोकड सणाला पडायचं. आता गाडी घेतली की पडतं, नोकरीची ऑर्डर आली की पडतं, पोरगं तिसऱ्या खेपेला पास झालं तरी पडतं." कोंबडीनं बोकडाचा धंदा बसवला असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं. "न्हाई न्हाई. कोंबडी म्हंजी बालवाडी हाय, सर. तिथं चटक लागती, पगार वाढला की मानूस पुढच्या वर्गात जातो." जे समजवायला मला अख्खा धडा लागतो, ते या सातवी पास माणसानं दोन वाक्यांत संपवलं. वर "अंदाज हाय बरं का, भविष्य न्हाई," ही त्यांची ठरलेली पुस्ती.

हमीदभाई खाटीक हे त्यांचे लहानपणचे दोस्त. अंदाज सांगायची दोघांची पद्धत बघण्यासारखी आहे. टांगलेलं मटण दिसू नये म्हणून अप्पा रस्त्याच्या अलीकडं लिंबाखाली दुकानाकडं पाठ करून उभे राहतात आणि हात मागं बांधून बोटं दाखवतात. आठ बोटं म्हणजे आठ बोकडं. "हौ अप्पा, समझ गया," असा आवाज आला की अप्पा चालू पडतात.

एका रविवारी त्यांच्या पाठीला मुंगी चावली. त्यांनी दोन बोटांनी खसाखसा खाजवलं, आणि हमीदभाईंनी दोन बोकडं जास्त पाडली. दुपारी ही भानगड कळल्यावर अप्पांचा चेहरा उतरला. त्या दिवशी मी काय पाहिलं म्हणून सांगू! भस्म लावलेला हा माणूस गल्ल्यावर बसून येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातात खोबरं कोंबत होता. "ताई, वांगी उद्या करा. आज तिकडचं लई ताजं हाय म्हनतेत." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "अप्पा, उरलं तर हमीदभाईंचं उरेल. तुमचं काय जातं?"

"उरलं म्हंजी तो जीव फुकट गेला की, सर," अप्पा म्हणाले. "खानारे खातेत, मी कोन नको म्हननारा? पर लागतं तेवढंच कापावं. म्हनून तर हा नाद."

या नादापायी त्यांचं एक नुकसान मात्र झालं, आणि त्यात माझाही हात आहे.

त्यांचा एकुलता मुलगा बसवराज हैदराबादला नोकरीला असतो. बसू तिकडं 'तिकडचं' खायला लागला होता. गावी आला की त्याला राहवायचं नाही, मग माझी बायको सुनंदा त्याला आमच्या घरी गुपचूप जेवू घालायची. दार लावायचं, पंखा मोठा करायचा, बडीशेप खायला द्यायची. आम्हाला वाटायचं, कुणाला पत्ता नाही. पत्ता लागला तो खोबऱ्यानं. सुनंदानं त्याच दुकानातून खोबरं नेलं होतं, दुसरीकडून आणायचं आम्हा शहाण्यांना सुचलंच नाही.

"सर, तुम्ही चार मानसं," अप्पा मला म्हणाले. "खोबरं पाच जनांचं गेलं. पावना कोन?"

मला चटकन खोटं बोलता आलं नाही. अप्पा उठले, घरी गेले, आणि पोराला म्हणाले, "तिकडचं खायाचं असंल तर माझ्या उंबऱ्यात येऊ नको." बसूनं पिशवी उचलली आणि संध्याकाळची गाडी धरली. गावाच्या खाण्यावर हसतमुखानं अंदाज बांधणाऱ्या अप्पांना स्वतःच्या पोराचं खाणं सोसलं नाही.

दोन आखाड गेले, बसू आला नाही. फोन करायचा तो आईला. अप्पा शेजारी बसून ऐकायचे, पण हात पुढं करायचे नाहीत. रागात बोललेला शब्द त्यांना गिळता येईना आणि परतही घेता येईना. बाजारातून बोकडं भरून हैदराबादला जाणाऱ्या गाड्या चहाला थांबल्या की ते ड्रायव्हरला गाठायचे. तिकडच्या भावाची चौकशी करता करता हळूच विचारायचे, "थंडी लई हाय का हो तिकडं? मानसं आजारी पडतेत म्हनं." ड्रायव्हरला वाटायचं, म्हातारा धंद्यातला आहे.

यंदा आखाडाच्या शेवटच्या रविवारच्या आधी बसूचा आईला फोन आला. सरांना भेटायला येतोय, संध्याकाळी परत जाणार. घरी येतो असं तो म्हणाला नाही आणि त्याच्या आईनं, म्हणजे काकूंनीही विचारलं नाही. त्यांनी रडत रडत हे सुनंदाला सांगितलं. अप्पांना सांगितलं की नाही, आम्हाला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन हमीदभाईंच्या दुकानात रांगेत उभा होतो. श्रावण तोंडावर, त्यामुळं रांग रस्त्यापर्यंत. अप्पा लिंबाखाली आले. बोटं दाखवायला आता उशीर झाला होता, बोकडं पहाटेच पडली होती. मग हे कशाला आले, म्हणून मी बघत राहिलो. अप्पांनी रस्ता ओलांडला. धोतराचा सोगा नाकाला लावला, डोळे जमिनीवर ठेवले आणि सरळ दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

"अप्पा, इधर कायको?" हमीदभाईंच्या हातातला सत्तूर तसाच राहिला.

"सरांच्या पिशवीत एक किलो टाक. पैसे माझ्याकडून."

"कैसा देऊं?"

आखाडात, दिवाळीच्या पाडव्याला, कुणाच्या घरी किती लागतं, कुणाला चरबीचं आवडतं, कुणाला कलेजी, सगळं या माणसाला पाठ. त्यांनी सोगा खाली घेतला.

"त्याला कसलं आवडतं रं हमीद? मी त्याला कधी इचारलंच न्हाई."

"नळी," हमीदभाई हळू आवाजात म्हणाले. "बच्चे को नळी होना. सर उसके वास्ते वोइच लेके जाते थे."

"मग ते दे," अप्पा म्हणाले, आणि मागं न बघता निघून गेले. मी तिथंच उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

दुपारी बसू जेवायला बसला. दोन घास झाले असतील, तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. सुनंदानं पंखा मोठा करायला हात नेला, मी तिला नको म्हणून खुणावलं. अप्पा दारात आले. बसूचा हात ताटातच थांबला. तो उठायला लागला.

"बस," अप्पा म्हणाले.

ते आत आले, त्याच्यासमोर जमिनीवर टेकले. रश्श्याचा वास घरभर होता आणि त्यांना त्याचा त्रास होत होता, ते दिसत होतं. बसूच्या ताटात भाकरी संपली होती. सुनंदा उठणार, तोच अप्पांनी टोपलं ओढलं, वरची गरम भाकरी काढली, मोडून दोन तुकडे केले आणि स्वतःच्या हातानं त्या ताटात, रश्श्याच्या कडेला ठेवले.

"नीट जेव," ते म्हणाले. "मग घरी चल. तुझी आई वाट बघून राहिली."