गोदाक्कांची हत्यारपेटी

गोदाक्का कुणाच्याही घरी गेल्या की कडी वाजवत नसत, कडी तपासत. बिजागरीवरून बोट फिरवायचं, बोटाला लागलेला तांबूस डाग घरमालकाच्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचं, "गंज म्हंजे आळस. दुसरं काय न्हाय." मग चहा नको, पाणी नको, आधी गोडेतेल आणा.

एकदा शेजाऱ्यांकडे सांबरा गावची मंडळी मुलगी पाहायला आली होती. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तेव्हा गोदाक्का मुलाच्या वडिलांना खुर्चीवरून उठवून त्या खुर्चीचा स्क्रू अडकित्त्याच्या टोकानं आवळत होत्या. लग्न जमलं. "खुर्ची मोडली असती तर जमलं असतं व्हय?" असं त्या पुढं वर्षभर विचारत होत्या.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी बेळगावात मास्तर होतो आणि खडेबाजारामागच्या बोळात गोदाक्कांच्याच घरी बिऱ्हाड करून होतो. पन्नाशीच्या ठेंगण्या बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. यजमान रेल्वेत फिटर होते. बारा वर्षांपूर्वी जास्त पगारावर आफ्रिकेला गेले. दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. कुणी म्हणे, तिकडंच संसार थाटला. कुणी त्याहून वाईट काही म्हणे. आक्कांसमोर मात्र कुणी अवाक्षर काढत नसे. प्रत्येकाचं काही ना काही त्यांच्याकडे दुरुस्तीला पडलेलं असे ना!

ही दुरुस्ती चाले अडकित्त्यानं, उलथन्यानं आणि वरवंट्यानं. घरात साधा हातोडा नाही, म्हणून आम्ही त्यांना चिकट समजत होतो.

आणि गंजाच्या या वैरिणीच्या स्वतःच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, एक लोखंडी पेटी पडली होती. इतकी गंजलेली की हात लावला तर पोपडे निघावेत. वरच्या कौलातून तिच्यावर पाणी ठिबके. एकदा तो तांबडा ओघळ आमच्या हिच्या नव्या इरकली लुगड्याला लागला. मी तणतणत गेलो.

"आक्का, ती पेटी भंगारात द्या बघू!"

आक्का वाद न घालता आत निघून गेल्या. असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

रविवारी सकाळी पाहतो तो पेटी अंगणात, आणि आक्का पदर खोचून तिच्यापुढे बसलेल्या. "मास्तर, आज शाळा न्हाय न्हवं? मग धरा ही बाजू."

बिजागऱ्यांत रॉकेल मुरवून दुपारी झाकण उघडलं. आत तेलकट फडक्यात बांधलेली हत्यारं होती. आक्कांनी ते गाठोडं न सोडताच उचलून देवघरात ठेवलं.

पुढं आठ दिवस विटेची भुकटी, चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी. घासून घासून माझे हात सोलले. पेटीचं बूड कुजलं होतं, तिथं रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून बसवला. खिळे ठोकले ते वरवंट्यानंच.

"अहो, गाठोड्यात हातोडा असेल की!" मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे."

तुटलेल्या मुठीच्या जागी लाटण्याचा तुकडा आला. मग शेंदूर अळशीच्या तेलात कालवून दोन हात दिले. बोळात बघ्यांची गर्दी झाली. समोरचे वकील गॅलरीतून म्हणाले, "आक्का, बायकांच्या हातात पाना शोभतो व्हय?"

"बाईनं पान लावल्यालं चालतंय, पाना लावल्याला चालत न्हाय व्हय? सुम्निर्री!" आक्का चिडल्या की कानडीत गप्प बसवत. वकील मुकाट्यानं आत गेले.

रंग वाळल्यावर आक्कांनी गाठोडं आणलं आणि गाठ सोडली. पाने, कानस, पक्कड, एकेक पुसून पेटीत लावलं. हातोडा मात्र हातातच राहिला.

"मालक सांगून गेलते, मास्तर. पेटीला हात लावू नको, मी आल्यावर बघतो म्हणून. बारा वर्सं लावला न्हाय."

लुगड्यापायी तणतणल्याची मला लाज वाटली. "मग आता?"

"तुमी भंगार म्हणालासा, तवा ध्यानात आलं. राखायची म्हणून मीच कुजवली की हो तिला."

"आणि ते येऊन रागावले तर?"

आक्कांनी हातोडा पेटीत ठेवला, त्याच्यावर झाकण लावलं. "रागवू देत की," त्या म्हणाल्या. "रागवायला तरी येऊ देत."

दुसऱ्या दिवसापासून ती पेटी हातात घेऊन आक्का बोळभर हिंडू लागल्या. माझी निपाणीला बदली होईपर्यंत ते काही आले नाहीत. पण रोज संध्याकाळी पेटी पुसून झाली, की आक्का ती सोप्यात बरोबर दारासमोर ठेवत. बाहेरून येणाऱ्याच्या नजरेला सगळ्यात आधी पडेल अशी.