मोडेमने उचललेला फोन

"सिरियल पोर्ट म्हणजे काय भुताटकी आहे? तासाभरात लेकीची ई-मेल तुझ्या हातात, आणि तीही छापून!" असं मी बायकोला ठणकावून सांगितलं, तेव्हा मला स्वतःचाच हेवा वाटला!

लेक नोकरीसाठी परदेशी गेल्यापासून घर खायला उठायचं. बायको जेवायला चुकून तीन ताटं घ्यायची आणि मुकाट्याने एक परत ठेवायची. म्हणून तर मी ऑफिसातला मोडीत निघालेला कॉम्प्युटर घरी आणला.

त्याच्या पाठीला दोन सिरियल पोर्ट, म्हणजे केबल खोचायची भोकं. एकात प्रिंटर लावला, दुसऱ्यात फोनच्या तारेवरून ई-मेल आणणारा मोडेम. कॉम्प्युटर ज्या वेगाने बोलतो त्याच वेगाने प्रिंटरने ऐकायचं, एवढीच काय ती अक्कल! मी वेग निवडला आणि चाचणीसाठी लेकीचं नाव टाइप केलं. प्रिंटर दम्याच्या रोग्यासारखा घरघरला. कागदावर नुसती प्रश्नचिन्हं, चांदण्या आणि गोगलगायी!

"हे आपल्या पोरीचं नाव?"

"वेग जुळला नाही गं. नवरा-बायकोसारखंच असतं ते!"

ती हसली नाही. पण तो कागदही तिने मला फेकू दिला नाही.

मग मोडेम. पडद्यावर प्रश्न आला, 'आलेला फोन मोडेमने आपोआप उचलावा का?' म्हटलं, उचलू दे की! ऐटीत 'हो' दाबलं.

तेवढ्यात फोन वाजला. बायको धावली, पण तिच्याआधी मोडेमने झडप घातली आणि तो शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा किंचाळला!

"लागलं! लागलं!" मी नाचलो.

पुन्हा रिंग, पुन्हा किंकाळी! आता पत्र बाहेर पडणार म्हणून आम्ही दोघं प्रिंटरसमोर ओंजळ धरून बसलो.

दार धडधडलं. शेजारच्या वहिनी!

"अहो, तुमची लेक आमच्या फोनवर आहे! म्हणते, आमच्या घरात कोण किंचाळतंय? रडकुंडीला आलीय पोर!"

बायको अनवाणी धावली. तिच्यामागे मी, गळ्यात केबलसकट! मायलेकी बोलल्या, रडल्या, हसल्या. मग रिसीव्हर माझ्या हातात आला.

"बाबा?"

किती महिन्यांनी! सांगायचं इतकं साठलं होतं, की सगळं एकदम घशाशी आलं आणि तिथेच अडकलं.

"बाबा? हॅलो? हॅलो?... कट झाला वाटतं!" म्हणून तिने फोन ठेवून दिला.

"काय म्हणाली हो?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

"मजेत आहे म्हणाली," मी म्हटलं.